मला चालेल गं, पण लोकांना चालणार नाही

गेल्या शनिवारी फिलाडेल्फियाच्या उपनगरात एका मैत्रिणीकडे आम्ही नेहमीची चार-पाच मराठी कुटुंबे जेवायला जमलो होतो. २०२८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा विषय निघाला आणि यजमानीणबाईंनी पोळीवर तूप वाढता वाढता निकाल देऊन टाकला, "या वेळी डेमोक्रॅटिक पक्षाने गोरा पुरुषच उभा करावा. मला कुणीही चालेल गं, पण लोकांना चालणार नाही." ही मैत्रीण वर्णद्वेष्टी नाही. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्यासाठी तिने संध्याकाळच्या संध्याकाळी मतदारांना फोन करण्यात घालवल्या होत्या. तरीही टेबलाभोवतीच्या सगळ्या माना तिच्या या वाक्यावर डोलल्या, आणि म्हणूनच ही पोस्ट लिहावीशी वाटली.

हे वाक्य एके काळी मीही म्हटले आहे. २००७ मध्ये मला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि त्याच वर्षी बराक ओबामा यांनी उमेदवारी जाहीर केली. पक्षांतर्गत लढतीत मी मात्र हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने होते. विचारणाऱ्याला मी आरोग्यविम्याचे कारण सांगत असे, आणि ते खोटे नव्हते, कारण प्रत्येकाला विमा बंधनकारक करण्याची क्लिंटन यांची योजना मला ओबामांच्या योजनेपेक्षा अधिक भक्कम वाटत होती. पण त्या कारणामागे दुसरे एक कारण दडलेले होते आणि ते मी स्वतःशीसुद्धा नीट उच्चारले नव्हते : हा देश काळ्या माणसाला निवडून देणार नाही, मग आपले मत वाया का घालवा?

या हिशेबाला जुना आधारही होता. लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, जनमत चाचण्यांमध्ये पुढे होते आणि प्रत्यक्षात थोडक्या मतांनी हरले. तेव्हापासून 'लोक चाचणीत एक सांगतात आणि मतदानाच्या पडद्याआड दुसरेच करतात' या समजुतीला त्यांचेच नाव चिकटले. मला अधिक विचारात पाडणारी गोष्ट अशी की त्या काळात अनेक कृष्णवर्णीय मतदारही क्लिंटन यांच्याच मागे होते. ओबामा त्यांना नकोसे होते असे नाही; गोरे लोक त्यांना मत देतील यावर त्यांचा विश्वास नव्हता. ३ जानेवारी २००८ रोजी नव्वद टक्क्यांहून अधिक गोऱ्या वस्तीच्या आयोवा राज्यात पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या पहिल्या फेरीत ओबामा जिंकले आणि तीन आठवड्यांनी दक्षिण कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना भरभरून मते दिली. त्या तीन आठवड्यांत उमेदवार बदलला नव्हता, त्याची धोरणे बदलली नव्हती. बदलला होता तो 'लोकां'विषयीचा अंदाज. (मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये चाचण्यांना खोटे पाडून क्लिंटन जिंकल्या, तेव्हा ब्रॅडलींचे नाव पुन्हा निघालेच.)

माझे मत बदलले ते मार्चमध्ये. ओबामांचे शिकागोतील धर्मगुरू जेरेमाया राइट यांच्या जळजळीत प्रवचनांच्या चित्रफिती सगळीकडे फिरत होत्या आणि १८ मार्चला ओबामांनी आमच्याच फिलाडेल्फियात वंशाच्या प्रश्नावर भाषण केले. त्यात त्यांनी आपल्या गोऱ्या आजीचा उल्लेख केला : जिने त्यांना जिवापाड प्रेमाने वाढवले, आणि जिने रस्त्यावरून जाणाऱ्या काळ्या पुरुषांची आपल्याला भीती वाटते हेही कबूल केले. ते ऐकताना मला माझी आई आठवली. पहिल्यांदा अमेरिकेत आली तेव्हा गाडीच्या काचा वर करून "काळ्यांच्या वस्तीतून कशाला नेतेस?" असे म्हणणारी, आणि दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या कृष्णवर्णीय बाळंतिणीला डिंकाचे लाडू करून देणारी. आपल्या माणसांतली ही गुंतागुंत लपवून न ठेवता आणि त्यांना टाकूनही न देता जो माणूस बोलू शकतो, त्याला मत द्यावे असे मला वाटले. २२ एप्रिलच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या राज्यातल्या मतदानात, मी ओबामांना मत दिले. पेनसिल्वेनियात ते हरले, सुमारे नऊ टक्क्यांनी.

त्यानंतर मला वारंवार विचारला गेलेला प्रश्न असा, "तो काळा आहे म्हणून पाठिंबा देतेस का?" जेराल्डिन फेरारो यांच्यासारख्या नामवंत डेमोक्रॅट नेत्यांनीही तेव्हा म्हटले होते की ओबामा गोरे असते तर या स्थानावर पोहोचले नसते. मी आधी हा प्रश्न झटकून टाकत असे. आता तसे करणार नाही. त्यांचा वर्ण माझ्या निर्णयात होता, जसे त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांचे व्हिएतनाममधील युद्धकैदीपण त्यांच्या समर्थकांच्या निर्णयात होते. माणसाने काय सोसले आणि त्यातून काय शिकला, हे उमेदवाराच्या पात्रतेबाहेरचे नसते. मात्र तोवरचे झाडून सगळे राष्ट्राध्यक्ष गोरे पुरुष असूनही त्यांच्या मतदारांना 'तो गोरा आहे म्हणून का?' असे कुणी विचारत नव्हते. आपल्याकडे दलित मतदाराने दलित उमेदवाराला मत दिले की 'जातीवर मतदान' झाले असे म्हणतात आणि गावातल्या प्रबळ जातीने आपल्याच माणसाला निवडले की 'स्थानिक समीकरण' जुळले असे म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

नोव्हेंबरमध्ये निकाल लागला. ओबामांना ३६५ निर्वाचक मते मिळाली. मतदानोत्तर चाचण्यांनुसार गोऱ्या मतदारांपैकी ४३ टक्क्यांनी त्यांना मत दिले होते, आणि चार वर्षांपूर्वी जॉन केरी या गोऱ्या उमेदवाराला ४१ टक्क्यांनी. म्हणजे ज्या 'लोकां'च्या नावाने मी वर्षभर हिशेब मांडत होते, ते एकगठ्ठा माझ्या अंदाजाप्रमाणे वागलेच नाहीत. वर्णाचा काही परिणाम झाला नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अलाबामा आणि मिसिसिपीत गोऱ्या मतदारांतील त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास अडकला. त्यांचा जन्म अमेरिकेतला नाही असे म्हणत जन्मदाखल्यावरून उठवलेले वादळ इतके लांबले की २०११ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षाला आपला संपूर्ण दाखला जाहीर करावा लागला. द्वेष होता आणि आहे. पण द्वेष्टा मतदार आपले मत उघडपणे मांडतो, त्याला उत्तर देता येते. सज्जन मतदार त्याच्या द्वेषाचा आधीच अंदाज बांधून, त्याच्या वतीने, घरबसल्या उमेदवार बाद करून टाकतो. महाराष्ट्रात तिकीटवाटपाच्या वेळी याला 'इलेक्टिव्ह मेरिट', म्हणजे निवडून येण्याची क्षमता, असे गोंडस नाव आहे. खुल्या मतदारसंघातून अनुसूचित जातीच्या कार्यकर्त्याला उमेदवारी नाकारताना पक्षाचा कोणताही नेता आपण जात मानतो असे म्हणत नाही. तो लोकांचे नाव सांगतो.

२०२४ मध्ये हॅरिस हरल्या त्याची कारणे अनेक आहेत : महागाई, बायडेन यांची उशिरा झालेली माघार, प्रचाराला मिळालेले जेमतेम साडेतीन महिने. ट्रम्प यांनी शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांसमोर हॅरिस यांच्या वंशावर शंका घेतली, तेही घडले. पण वंशाची गणिते त्या रात्री दोन्ही बाजूंनी चुकली. टेक्सासमधील जवळजवळ संपूर्ण लॅटिनो असलेल्या स्टार काउंटीने शतकाहून अधिक काळानंतर रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. त्या मतदारांना आपण 'आपले' म्हणून गृहीत धरले होते, हीसुद्धा त्यांच्या वतीने मत देऊन टाकण्याचीच एक तऱ्हा.

आपल्याला थेट लागू पडणारे, आणि मला अजून न सुटलेले उदाहरण डेट्रॉइटचे आहे. बेळगावात वाढलेले आणि मराठी बोलणारे श्री ठाणेदार २०२२ मध्ये तेथून अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर, निवडून आले, तेव्हा आमच्या गटात अभिनंदनाचे संदेश वाहू लागले. मीही एक पाठवला. तीन चतुर्थांशाहून अधिक कृष्णवर्णीय वस्तीच्या त्या शहराला १९५५ पासून सतत किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता आणि ती परंपरा या निकालाने खंडित झाली, हे मी नंतर वाचले. प्रायमरीत नऊ उमेदवार होते, कृष्णवर्णीय मते विभागली गेली आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. नियमाने जिंकले, पुढे २०२४ मध्येही जिंकले. पण आपला प्रतिनिधी आपल्यातला असावा ही तेथील लोकांची इच्छा मला संकुचित म्हणता येत नाही, कारण आम्ही ठाणेदारांचे अभिनंदन नेमके कशासाठी करत होतो? त्यांची एकही भूमिका त्या दिवशी कुणाला ठाऊक नव्हती.

शनिवारी मी एवढे सगळे बोलले नाही. जेवण गार होत होते. एवढेच विचारले, की ज्यांना चालणार नाही ते लोक कोण?

"हेच, आपल्या पेनसिल्वेनियातले," मैत्रीण म्हणाली.

"अगं, पण तू आणि मी पेनसिल्वेनियातच मत देतो ना?"

तिने माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि ताटे मोजायला स्वयंपाकघरात गेली.