दोमिनिक हाशेक नुसता लोळायचा, असे म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात एका मराठी मित्राच्या घरी जेवायला गेलो होतो. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा इथल्या क्लबात आइस हॉकीचा गोलरक्षक आहे. नव्वदच्या दशकात मी अमेरिकेतल्या बफेलोत शिकायला होतो हे त्याला कुठून तरी कळले होते, म्हणून जेवण झाल्यावर त्याने फोनवर तेव्हा बफेलोकडून खेळणाऱ्या चेक गोलरक्षक हाशेकची जुनी दृश्ये लावून माझ्यापुढे धरली आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "काका, हा भारी आहे, पण याला टेक्निक नाही. हा नुसता लोळतो." मी तिथे फार बोललो नाही, कारण दुसऱ्याच्या घरी जेवून त्याच्याच मुलाशी वाद घालणे बरे दिसत नाही. पण हे वाक्य गेली पंचवीस वर्षे मी मोठ्या माणसांकडूनही ऐकत आलो आहे, आणि ते चुकीचे आहे असे माझे ठाम मत आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर गोलची चौकट सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असते, आणि पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची, कडक रबराची चकती. ती अनेकदा समोरच्या चार-पाच खेळाडूंच्या पायांच्या गर्दीतून येते, त्यामुळे ती सुटली कुठून हेच पुष्कळदा दिसत नाही. आजचे बहुतेक गोलरक्षक यावर एकच शास्त्रशुद्ध उत्तर शिकतात. गुडघ्यांवर बसायचे, दोन्ही पायांचे पॅड बर्फावर दोन्ही बाजूंना आडवे पसरायचे, धड ताठ ठेवायचे आणि चौकटीचा जास्तीत जास्त भाग अंगानेच झाकून टाकायचा. या पद्धतीला बटरफ्लाय म्हणतात. माँट्रियलच्या पात्रिक र्‍वाने ती ऐंशीच्या दशकात इतकी यशस्वी करून दाखवली की पुढच्या पिढीला दुसरे काही शिकवायची गरजच कोणाला वाटली नाही. मित्राचा मुलगा शिकतो ते हेच, आणि त्यात गैर काहीच नाही.

हाशेक यातले काही करत नव्हता असे नाही, परंतु तो तिथे थांबत नव्हता. पहिला फटका अडवून पक पुन्हा प्रतिस्पर्ध्याच्या काठीवर गेला की बटरफ्लाय गोलरक्षकाला उठून किंवा सरकून नव्या जागी जावे लागते, आणि फटका मारणाऱ्याला नेमकी हीच वेळ हवी असते. हाशेक त्या क्षणी उठण्याच्या भानगडीतच पडत नसे. तो पाठीवर पडे, कुशीवर वळे, एक पाय हवेत उचलून दुसऱ्या खांबाकडे टाके, आणि पक जवळ असेल तर उजव्या हातातली काठी सरळ सोडून देऊन त्याच हाताच्या फळीसारख्या जाड मोज्याने पक बर्फावर दाबून धरी. इतर गोलरक्षकांना काठी सोडणे म्हणजे शस्त्र टाकण्यासारखे वाटते. हाशेकचा हिशेब मात्र साधा होता: पक हातभर अंतरावर असताना काठी अडचण करते आणि हात काम करतो. समोरच्याच्या दृष्टीने गोलरक्षक आडवा झाला म्हणजे काम फत्ते झालेले असते, आणि हाशेकचे काम तिथून पुढे सुरू व्हायचे. त्याचे हे रूप बाहेरून गोंधळासारखे दिसते हे मला मान्य आहे. पण एकच दृश्य चार वेळा, सावकाश, नुसते त्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवून पाहावे. शरीर कुठेही फेकलेले असले तरी नजर पकवरून हललेली नसते. शिवाय तो जातो तो बहुतेक वेळा बर्फालगतची पट्टी झाकायला, कारण धावपळीत, तोल गेलेल्या अवस्थेत मारलेला फटका वर उचलणे अवघड असते आणि तो बहुधा खालूनच येतो. म्हणजे तो लोळत होता खरा, परंतु कुठे लोळायचे हे ठरवून लोळत होता.

ज्यांना नशिबाचा मुद्दा मांडायचा आहे त्यांनी आकडे पाहावेत. त्या काळी चांगला गोलरक्षक आपल्यावर आलेल्या शंभर फटक्यांपैकी सुमारे नव्वद अडवत असे. हाशेकने १९९३-९४ च्या हंगामात ९३ टक्के अडवले आणि १९९८-९९ मध्ये ९३.७ टक्के. तीन-साडेतीन टक्क्यांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण एका सामन्यात तीस फटके येतात असे धरले, तर इतरांवर तीन गोल होतात तिथे याच्यावर दोन होतात, आणि बफेलो सेबर्ससारख्या आक्रमणात बेताच्या असलेल्या संघाला रोज रात्री एक गोल फुकट मिळतो. १९९३-९४ ते १९९८-९९ असे सलग सहा हंगाम या बाबतीत एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, तो पहिला होता. एखादा हंगाम नशिबाने जाऊ शकतो. सहा हंगाम जात असतील तर त्या नशिबाला दुसरे नाव द्यावे लागेल. सर्वोत्तम गोलरक्षकाची व्हेझिना ट्रॉफी त्याला सहा वेळा मिळाली आणि संपूर्ण लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन वेळा. ती दोनदा मिळवणारा दुसरा गोलरक्षक नाही.

ही शैली आली कुठून, याचे उत्तर माझ्या मते त्याच्या लहानपणात आहे. तो १९६५ साली चेकोस्लोव्हाकियातल्या पार्दुबित्से गावी जन्मला. पाच वर्षांचा असताना वडील त्याला निवड चाचणीला घेऊन गेले, तेव्हा त्याच्याकडे धड स्केट्सही नव्हते, बुटांच्या तळाला स्क्रूने बसवलेली पाती होती. अंगाने उंच, आणि नऊ वर्षांच्या मुलांच्या गटात गोलरक्षक नव्हता, म्हणून त्याला तिथे उभे केले. आपल्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या मुलांचे फटके अडवायचे असतील तर पुस्तकी उभे राहणे कामाचे नसते. हाताला, पायाला, डोक्याला जे लागेल त्याने पक अडवायचा, एवढेच मुलाला कळते. शाळेच्या खो-खोच्या मैदानावर सूर मारताना गुडघे सोलून घेतलेल्या कोणालाही हे शिक्षण समजेल. पुढे सोळाव्या वर्षी तो पार्दुबित्सेच्या मुख्य संघातून देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळू लागला आणि १९८७ व १९८९ साली त्या संघाने विजेतेपद मिळवले.

अमेरिकेला मात्र त्याची घाई नव्हती. शिकागो ब्लॅकहॉक्सने १९८३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, त्याला १९९ व्या क्रमांकावर घेतले, आणि पोलादी पडद्यापलीकडच्या त्या मुलाला ही बातमी कळली तीही बऱ्याच महिन्यांनी. तो प्रत्यक्ष शिकागोला पोहोचला १९९० मध्ये, पंचविशी उलटल्यावर, आणि तिथला पहिला गोलरक्षक एड बेलफोर फॉर्मात असल्यामुळे दोन हंगामांत त्याच्या वाट्याला जेमतेम पंचवीस सामने आले. १९९२ च्या ऑगस्टमध्ये शिकागोने त्याला बफेलोला देऊन टाकले. बफेलोलाही त्याची किंमत कळली होती असे नाही. १९९३ मध्ये दोन नवे संघ लीगमध्ये आले तेव्हा बफेलोने त्याला राखीव यादीबाहेर ठेवले, म्हणजे कोणीही उचलून न्यावे, आणि कोणीही उचलले नाही. त्याच हंगामात पहिला गोलरक्षक ग्रँट फ्यूर जखमी झाला आणि हाशेक चौकटीत उभा राहिला. तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस होते. हंगाम संपला तेव्हा सामन्यामागे स्वीकारलेल्या गोलांची त्याची सरासरी १.९५ होती, आणि दोनच्या आत सरासरी वीस वर्षांत कोणाची आली नव्हती. इतक्या जाणकारांना जो माणूस समोर असूनही दिसला नाही, त्याचे कारण मला तरी एकच दिसते: त्याचा खेळ त्यांच्या साच्यात बसत नव्हता.

२७ एप्रिल १९९४ चा प्लेऑफमधला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीतला, न्यू जर्सीविरुद्धचा सामना मी पाहिलेला नाही, कारण मी तेव्हा पुण्यात होतो. बफेलोत मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी तो होता. चौथ्या जादा वेळेपर्यंत गोल नाही, पलीकडे तरुण मार्टिन ब्रोडर तितकाच अभेद्य, आणि डेव्ह हॅनन याने गोल करून १-० असा निकाल लावला तेव्हा रात्रीचे दोन वाजत आले होते. हाशेकने त्या रात्री सत्तर फटके अडवले. बफेलोने पुढचा, सातवा सामना २-१ असा हरून मालिका गमावली, हेही सांगायला हवे. बफेलोच्या गोष्टी अशाच असतात.

मी स्वतः पाहिले ते नागानो. २० फेब्रुवारी १९९८, ऑलिंपिकची उपांत्य फेरी, कॅनडा विरुद्ध चेक प्रजासत्ताक. जपानमध्ये दुपार असली तरी आमच्याकडे मध्यरात्र उलटलेली होती. बफेलोत केबलवर कॅनडाची सीबीसी वाहिनी दिसत असे, त्यामुळे आम्ही तीन विद्यार्थी दुसऱ्या दिवशीची असाइनमेंट बाजूला सारून चहाच्या पातेल्यासह टीव्हीपुढे बसलो होतो. खिडकीबाहेर नेहमीसारखा बर्फ पडत होता. चेक संघाकडून यिर्झी श्लेगरने गोल केला आणि शेवटचे जेमतेम एक मिनिट उरलेले असताना ट्रेव्हर लिंडनने बरोबरी साधली. जादा वेळेतही गोल झाला नाही आणि सामना पेनल्टी फटक्यांवर गेला. पाच खेळाडू एकेकट्याने पक घेऊन येणार, पुढे फक्त गोलरक्षक. पलीकडच्या चौकटीत खुद्द पात्रिक र्‍वा. कॅनडाच्या बाकावर त्यांचा सर्वांत नामांकित खेळाडू वेन ग्रेट्झकी बसून होता, आणि प्रशिक्षकांनी निवडलेल्या पाचांत त्याचे नाव नव्हते. याची चर्चा कॅनडात अजून संपलेली नाही.

चेक संघाच्या पहिल्याच फटक्यावर रॉबर्ट रायखेलने गोल केला. कॅनडाकडून थिओ फ्लेरी, रे बोर्क, जो न्यूवेंडाइक, एरिक लिंड्रोस आणि ब्रेंडन शॅनहन असे पाच जण आले आणि एकही गोल झाला नाही. आता यात लोळणे कुठे होते ते पाहावे. समोरचा निघाला की हाशेक चौकट सोडून पुढे येई, मग त्याच्याच वेगाने मागे सरकत राही, आणि आधी हालचाल करण्याची चूक समोरच्याने करावी म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत वाट पाही. न्यूवेंडाइकचा पक चौकटीबाहेरून गेला, लिंड्रोसचा खांबाला लागून परतला, आणि हे नशीब होते असे त्या रात्री आमच्यातलाही एक जण म्हणाला. मला तेव्हाही ते पटले नव्हते. ज्याने चौकटीत मोकळी जागाच ठेवलेली नाही त्याच्यावर फटका मारताना उरलेल्या दोन-चार इंचांवर नेम धरावा लागतो, आणि असा नेम खांबाला लागतो किंवा बाहेर जातो. शॅनहनलाही त्याने अडवले आणि सगळा चेक संघ त्याच्या अंगावर येऊन पडला, तेव्हा आमच्या पातेल्यातला चहा गार झालेला होता. अंतिम सामन्यात पेत्र स्वोबोदाच्या एकुलत्या एका गोलवर रशियाला १-० असे हरवून चेक प्रजासत्ताकाने सुवर्णपदक घेतले. सहा सामन्यांत हाशेकवर मिळून सहा गोल झाले.

त्याला देव्हाऱ्यात बसवायचा माझा विचार नाही. १९९७ च्या प्लेऑफमध्ये गुडघा दुखावल्याचे सांगून तो बाहेर बसला, प्रशिक्षक टेड नोलन यांच्याशी त्याचे पटत नव्हते हे उघड होते, त्यातच एका स्थानिक स्तंभलेखकाशी झटापट करून त्याने तीन सामन्यांची बंदी ओढवून घेतली. नोलन लोकांचे लाडके होते. ते गेल्यावर पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला बफेलोच्याच प्रेक्षकांनी हाशेकची हुर्यो उडवली, आणि त्यांचा राग अगदीच अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. त्याने उत्तर दिले ते त्या हंगामातल्या तेरा शटआउटनी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करू न दिलेल्या तेरा सामन्यांनी. त्यातले सहा एकट्या डिसेंबर महिन्यातले. जानेवारी येईपर्यंत हुर्यो उडवणारे कोण होते हे कोणालाच आठवेनासे झाले.

१९९९ च्या स्टॅनले कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत तो बफेलोला घेऊन गेला. सहाव्या सामन्याच्या तिसऱ्या जादा वेळेत डॅलसच्या ब्रेट हलने गोल केला तेव्हा हलचा स्केट गोलरक्षकाच्या राखीव क्षेत्रात होता, आणि त्या वर्षीच्या नियमानुसार तो गोल ठरायला नको होता असे बफेलोतले लहान मूलही सांगेल. माझेही मत तेच आहे, पण तटस्थ माणूस शोधत असाल तर मला विचारू नये. डॅलसच्या चौकटीत त्या रात्री कोण होता, तर एड बेलफोर, ज्याच्यामागे हाशेक शिकागोत बाकावर बसून होता.

कप त्याला अखेर मिळाला तो डेट्रॉइटमध्ये गेल्यावर, २००२ साली. त्या वर्षी कोलोरॅडोविरुद्धच्या मालिकेत सहावा आणि सातवा असे दोन्ही निर्णायक सामने त्याने शटआउटने जिंकून दिले, आणि समोर पुन्हा पात्रिक र्‍वा होता. त्यानंतर निवृत्ती, पुनरागमन, जांघेची दुखणी, ऑटावा, पुन्हा डेट्रॉइट. २००८ च्या दुसऱ्या कपच्या वेळी तर पहिल्या फेरीतच त्याची जागा ख्रिस ऑसगुडने घेतली होती. मला त्या वर्षांपेक्षा २०१० अधिक आवडते. तो पार्दुबित्सेला परत गेला, आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, जिथे त्या पात्यांच्या बुटांनी सुरुवात केली त्याच गावाच्या संघाला त्याने पुन्हा विजेतेपद मिळवून दिले. ज्याच्याकडे तंत्र नाही, नुसती लवचीक हाडे आहेत, तो पंचेचाळिसाव्या वर्षी चौकटीत टिकत नाही. हाडे तोवर संपलेली असतात.

मित्राच्या मुलाला यातले थोडेफार दोन दिवसांनी फोनवर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच शंका काढली: काठी मुद्दाम टाकली तर पंच शिट्टी वाजवत नाहीत का? नाही वाजवत, असे मी सांगितले. "आमचे सर वाजवतील," तो म्हणाला.