भोकं जुळली म्हणजे चाक बसलं असं नाही

गेल्या काही आठवड्यांत एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. मजकूर साधारण असा: 'मॅगव्हील घेताना दुकानदाराच्या भूलथापांना बळी पडू नका. चार भोकं आणि १०० पीसीडी जुळला की कुठलंही चाक बसतं. सिटीची जुनी चाकं स्विफ्टला बिनधास्त लावा, नट गाडीचेच चालतात. ऑफसेटचं फार मनावर घेऊ नका. चाक मोठं आणि टायर रुंद, तेवढी गाडी सेफ. तडा गेलाच तर वेल्डिंग करून नव्यासारखं मिळतं.'

पैसे वाचवण्याला माझा विरोध नाही. सेकंडहँड मॅगव्हील, म्हणजे अलॉय चाकं, मीही वापरली आहेत. पण हा सल्ला ऐकून माझ्या मावसभावाने नेमकी होंडा सिटीचीच चाकं मारुती स्विफ्टला लावली होती आणि त्या गाडीत मी बसलो होतो.

आधी पीसीडी. नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा हा व्यास. स्विफ्टचा १०० मिमी, सिटीचाही १००. इथवर मेसेज बरोबर आहे. पण चाकाच्या मधोमध जे मोठं भोक असतं ते हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागाला चाक जोडतात त्यावर, बसतं, आणि त्याचं माप वेगळं. स्विफ्टला ५४.१ मिमी लागतं, सिटीच्या चाकाचं भोक ५६.१ मिमी. चाक हबवर सहज सरकतं, म्हणून बसलंसं वाटतं. प्रत्यक्षात चहूबाजूंनी एकेक मिमी मोकळं राहतं आणि चाक मध्यावर आणायचं काम एकट्या नटांवर येतं. भावाच्या गाडीचं स्टिअरिंग ऐंशीच्या पुढे थरथरायचं. त्याने दोनदा बॅलन्सिंग केलं, एकदा अलाइनमेंट. फरक शून्य, कारण बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक बरोबर मध्यावर बसतं आणि गाडीवर चढवलं की पुन्हा सरकतं. ही फट भरायला हब रिंग मिळते. ती कुणी घातलीच नव्हती.

आणि चार भोकं म्हणजे १०० पीसीडी असंही नाही. फियाट पॅलिओचा पीसीडी ९८. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही, भोक फक्त एक मिमी आत असतं. जोर लावला तर नट आवळलाही जातो, पण स्टड, म्हणजे हबचा जो बोल्ट भोकातून बाहेर येतो आणि ज्यावर नट चढतो, तो कायमचा तिरका ताणलेला राहतो.

आता नट. 'गाडीचेच चालतात' हे मला सगळ्यांत जीवघेणं वाक्य वाटतं. साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकी उतरलो आणि पुढच्या डाव्या चाकातून टक टक आवाज यायला लागला. शिरवळच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. चारपैकी दोन नट हाताने फिरत होते, पान्याची गरजच नव्हती. एक नट पूर्ण काढून पाहिला. स्विफ्टच्या नटाचं टोक शंकूसारखं निमुळतं. होंडाच्या कंपनी चाकातली नटाची बैठक मात्र वाटीसारखी गोल. शंकू वाटीत टेकला होता तो फक्त एका बारीक रेषेवर. ती रेष चकाकत होती आणि भोवती ॲल्युमिनियमचा काळा भुगा जमला होता. चाक हबला घट्ट दाबून धरायचं ते नटांनी, आणि हे नट एवढ्याशा रेषेवर टेकलेले.

मग सिटीचेच नट आणले असते तर? तेही नाही. स्विफ्टच्या स्टडच्या दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी, होंडाचं १.५. गनने दाबून बसवले तर आटेच जातात. म्हणजे एका '१०० पीसीडी'च्या आड हबचं माप, नटाची बैठक आणि आटे अशा तीन गोष्टी वेगळ्या निघाल्या.

ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे ते माप. चाकावर ते 'ईटी' म्हणून कोरलेलं असतं. समजा ६ इंची ईटी ४५ काढून ७ इंची ईटी ३५ लावलं. रिमची बाहेरची कड जवळजवळ २३ मिमी बाहेर येते. दुकानात रिकाम्या गाडीवर ते देखणं दिसतं. घरची पाच माणसं आणि सामान भरून गाडी खड्ड्यात आपटली की टायर फेंडरला घासतो, आणि बेअरिंगवरचा ताण रोजचाच वाढतो.

'मोठं चाक म्हणजे सेफ' हे तर आकडेच खोडून काढतात. १८५/६५ आर १५ टायरचा (१८५ मिमी रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) लोड इंडेक्स सहसा ८८ असतो, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. दिसायला दणकट अशा २०५/४५ आर १७ मध्ये ८४ चा टायर मिळतो. तो ५०० किलोचा. चार टायर मिळून २४० किलो कमी झाले. वर टायरच्या भिंतीची उंची १२० मिमीवरून ९२ वर येते, म्हणजे आपल्या रस्त्यांवरचा खड्डा थेट रिमला लागतो. रुंद टायरची कोरड्या रस्त्यावर पकड वाढू शकते, पण साचलेल्या पाण्यावर तोच लवकर तरंगतो. जून ते सप्टेंबर आपण कशावरून गाडी चालवतो ते आठवा. मोठी रिम घ्यायचीच असेल तर टायरचा बाहेरचा व्यास कायम ठेवा. २०१८ च्या स्विफ्टला कंपनीनेच खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५ दिले होते. दोन्हींच्या व्यासात जेमतेम २ मिमीचा फरक आहे.

वेल्डिंगबद्दल एवढंच: बहुतेक अलॉय चाकांना ताकद येते ती कारखान्यातल्या उष्णता प्रक्रियेने. तड्यावर आर्गन वेल्डिंग केलं की नेमकी त्या जागेची ती ताकद जाते. वर रंग मारला की काही दिसतही नाही. म्हणून जुनं चाक घेताना टायर उतरवून आतली बाजू उजेडात फिरवून बघा. पॉलिश केलेला एखादाच पट्टा दिसला तर ते चाक घेऊ नका. मागच्या बाजूला रुंदी, ईटी, कमाल भार आणि आयएसआय किंवा जेडब्ल्यूएलची (अलॉय चाकांच्या जपानी मानकाची) खूण कोरलेली हवी. टायरचं माप आणि हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर मिळतो.

भावाने ती चाकं त्याच आठवड्यात परत केली. नंतर स्विफ्टच्याच मापाची घेतली. या वेळी नट आधी हाताने फिरवून घेतले, मग समोरासमोरचे आळीपाळीने टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने, आवळले, मॅन्युअलमधला आकडा बघून. शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासले. एक नट पाव फेरा फिरला.