अंदमानला निघालात? ठाणे सोबत न्या

घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीतून यंदा तिसरं कुटुंब अंदमानला चाललंय, म्हणजे तुम्हाला जाणं भागच आहे. जा. फक्त घरची शिस्त तिथे मोडू देऊ नका.

आधी घड्याळ. ठाणे ७३ रेखांशावर, अंदमान ९३ च्या आसपास, वेळ मात्र दोन्हीकडे एकच. २० अंशांची ८० मिनिटं होतात. हिवाळ्यात तिथला दिवस थोडा मोठा असल्यानं त्यातली पंधराएक परत मिळतात. तरी डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास बुडतोच. असल्या भूगोलाला भीक घालू नका. दुपारी ताणून द्या, साडेचारला चहा मागवा, भजी येऊ द्या आणि सहाला स्वराज द्वीपच्या राधानगर किनाऱ्यावर पोहोचा. अंधाराचे फोटो छान येतात. पहाटे साडेपाचलाच उजाडायला लागतं, तेव्हा पडदे घट्ट ओढा.

बोटीत चढण्याआधी पोटभर पुरी-भाजी हाणा. मळमळीची गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. तुम्ही ती पहिली उलटी झाल्यावर शोधा. मधल्या, खालच्या जागा कमी हलतात, म्हणून पुढची खिडकी भांडून मिळवा आणि रील्स बघत बसा. डोळे म्हणतात बसलोय, कान म्हणतात डुलतोय, आणि या भांडणाचा निकाल पोटात लागतो.

सेल्युलर जेलला तासभर पुरे. १८९६ ते १९०६ दरम्यान बांधलेल्या सात विंगांपैकी तीनच उरल्यात, तेवढीच पायपीट वाचली. प्रत्येक विंगचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, कारण कैद्याला कैद्याचा चेहरा दिसू द्यायचा नव्हता. तुम्ही मात्र सावरकरांच्या कोठडीत सेल्फी काढताना सगळ्यांचे चेहरे येतील असं बघा.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांसाठी पहाटे जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लागते. पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानंच सोडतात, वाटेत थांबायला, फोटो काढायला, खाऊ वाटायला बंदी. माजिवड्यासारखी डावीकडून गाडी घुसवता येत नाही, ही मोठीच गैरसोय. पुढे होडी खारफुटीत शिरली की मोठ्यानं सांगा, 'ही तर आपल्या खाडीतली तिवरं!' (कमानीसारखी मुळं वरून पाण्यात उतरतात ती कांदळं, तिवराची चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. पण होडीत कोण वाकून बघतंय?) गुहेत लोंबणाऱ्या खडकाला हात लावाच. हाताचं तेल बसलं की पाणी तिथे नीट धरत नाही, चुना साचत नाही, वाढ थांबते. हजारो वर्षांचं काम एका बोटात बंद पाडायची संधी ठाण्यात मिळायची नाही.

एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग करताना दमलात तर प्रवाळावर उभे राहा. दगडच वाटतो तो. जिवंत आहे, हे कळेपर्यंत फांदी मोडलेली असते. मोडलीच आहे तर तुकडा शोकेससाठी उचला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण दिलंय, पण वाघ कुठे टॉवेलात गुंडाळता येतो?

परतीचं विमान दुपारचं आणि स्वराज द्वीपची बोट त्याच सकाळची घ्या. समुद्र खवळून बोट रद्द झाली, तर धक्क्यावर तुमच्या वरच्या साहेबांना बोलवा. बोट सुटलीच, तर विमानतळावर टॉवेल उलगडेपर्यंत चकल्यांचा डबा तिथल्या जवानाच्या हातात द्या.