ज्युरीपुढे जाऊच द्यायचं नाही, आणि वर म्हणायचं न्याय झाला?

वयामुळे नोकरीवरून काढलं म्हणून दादाने कंपनीवर टाकलेल्या केसचा निकाल आज दुपारी आला. हरला. हरला तरी कसं म्हणू, खटला ज्युरीपुढे, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचांपुढे, उभाच राहिला नाही. मी फॅमिली ग्रुपवर तेवढं कळवलं आणि पाच मिनिटांत एकाचं उत्तर, "अगं फेडरल जज आहे, सगळं बघूनच दिला असेल ना निकाल." त्यावर आणखी दोघांचे अंगठे. तेव्हापासून डोकं तडकलंय. ग्रुपवर भांडायचं नाही म्हणून इथे लिहितेय, लांबणार आहे, ज्याला वाचायचंय त्याने वाचावं.

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. मूळ सांगलीचा, आता अमेरिकेत, मिडवेस्टात, एकाच कंपनीत 19 वर्षं. वय 58. नवीन मॅनेजर आला आणि भर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर याला विचारायला लागला की तुझा रिटायरमेंटचा काय प्लॅन आहे. एकदा नाही, परत परत. एका ईमेलमध्ये तर लेखी आहे की या टीमला तरुण रक्त हवंय. मग एक दिवस एचआरचं पत्र, तुमची पोझिशन रद्द झाली. थोड्याच दिवसांत तेच काम, नाव तेवढं बदलून, कंपनीच्या वेबसाइटवर जाहिरातीत, आणि तिथे तिशीतला माणूस घेतला. सेव्हरन्स, म्हणजे नोकरी जाताना मिळणारे पैसे, देत होते, पण केस करणार नाही अशा कागदावर सही करून. दादाने नाही केली सही. आणि त्याने केस टाकल्यावर कंपनी म्हणते, याचा परफॉर्मन्सच बरोबर नव्हता! अरे मग पोझिशन रद्द झाली होती त्याचं काय?

आता "सगळं बघून" म्हणजे काय ते ऐका. जजने एकही साक्षीदार डोळ्यांनी पाहिलेला नाही. तो मॅनेजर जजसमोर कधी उभाच राहिला नाही. कंपनीच्या वकिलांनी समरी जजमेंटची मोशन (अर्ज) टाकली, म्हणजे काय तर या केसमध्ये ज्युरीने ठरवावं असं काही नाहीच, तुम्हीच कागदावर निकाली काढा. जजने 34 पानांची ऑर्डर लिहून काढली निकाली. मी ती अख्खी वाचली. "तरुण रक्त" तळटीपेत गेलंय. त्याला म्हणे स्ट्रे रिमार्क म्हणायचं, बोलता बोलता सहज गेलेला शेरा, त्यावरून काही सिद्ध होत नाही. रिटायरमेंटचे प्रश्न? मॅनेजरने प्लॅनिंगसाठी विचारले असतील. पोझिशन रद्द आणि परफॉर्मन्स खराब, ही दोन कारणं म्हणे एकमेकांना छेद देत नाहीत. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, कंपनीचे निर्णय शहाणपणाचे होते का हे बघणं कोर्टाचं काम नाही.

असतील! विचारले असतील! अहो हेच तर ज्युरीने ठरवायचं असतं ना, कशासाठी विचारले ते. नियम असा आहे की समरी जजमेंटच्या वेळी ज्याच्याविरुद्ध मोशन आहे त्याच्या बाजूने सगळे अर्थ काढायचे, शंकेचा फायदा त्याला द्यायचा. इथे प्रत्येक ठिकाणी फायदा कंपनीला मिळालाय. कायद्याचं शिक्षण न घेतलेल्या मलाही ते दिसतंय.

काकूने सांगलीहून फोन केला तर तिचा पहिला प्रश्न हाच, "साक्षीदार बोलावलेच नाहीत?" आपल्याकडे ज्युरी नाही, तरी तिला हे चुकीचं वाटलं. तिला काय सांगणार, 1986 साली इथल्या सुप्रीम कोर्टाने एकाच टर्ममध्ये तीन निकाल देऊन समरी जजमेंटचा रस्ता सोपा करून ठेवला, आणि तेव्हापासून नोकरीच्या केसेस त्याच रस्त्याने बाहेर फेकल्या जातायत.

आणि ज्युरीपर्यंत पोचलं की काय होतं त्याचं उदाहरण आहे. मिसिसिपीत टॉयलेट सीट बनवणारी कंपनी, सँडरसन प्लंबिंग, तिथला रॉजर रीव्हज, वय 57, आपल्या दादाएवढाच. त्याला वरचा माणूस म्हणाला होता की तू इतका म्हातारा आहेस की मेफ्लॉवर जहाजातून (ते सतराव्या शतकातलं) आला असशील. केस ज्युरीपुढे गेली, ज्युरीने दोन्ही बाजू ऐकल्या आणि रीव्हजवर विश्वास ठेवला. अपील कोर्टाने तो निकाल काढून घेतला, आणि 2000 साली सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की तसं करता येणार नाही, कंपनीने दिलेलं कारण खोटं आहे असं ज्युरीला वाटलं तर त्यावरून भेदभाव झाला असं ज्युरी म्हणू शकते. निकाल लिहिला जस्टिस ओकॉनर यांनी. स्ट्रे रिमार्क हा शब्दप्रयोगही त्यांच्याच 1989 च्या एका मतातून आलाय. खालच्या कोर्टांनी दोन्हीतलं काय उचलून धरलं ते दादाच्या ऑर्डरमध्ये दिसतंच आहे.

बरं, वयाचा कायदा 1967 चा, चाळीस आणि वरच्यांसाठी. त्यात ज्युरीचा हक्क 1978 पासून पक्का आहे. पण 2009 मध्ये ग्रॉस केसमध्ये 5 विरुद्ध 4 ने ठरलं की वय हे एक कारण होतं एवढं दाखवून भागणार नाही, वय नसतं तर नोकरी गेलीच नसती हे कामगारानेच सिद्ध करायचं. मॅनेजरच्या मनातलं सिद्ध करायचं, आणि ते त्याला साक्षीला उभं न करता!

दादाचं डिपॉझिशन, म्हणजे खटल्याआधी समोरच्या वकिलाने शपथेवर घेतलेली जबानी, मात्र झालं. नियमात कमाल सात तास बसतात, त्याला जवळजवळ पूर्ण दिवस बसवलं. कंपनीचा वकील विचारतो, कोणती औषधं घेता, बायको किती कमावते, 2014 च्या रिव्ह्यूमध्ये "कम्युनिकेशन सुधारा" लिहिलंय ते आठवतं का. इतक्या वर्षांचे सगळे रिव्ह्यू उत्तम, त्यातलं ते एक वाक्य. वहिनी सांगत होती, घरी आला आणि बुटांसकट सोफ्यावर बसून राहिला, जेवलाही नाही. जो माणूस आम्हा सगळ्या भावंडांना फॉर्म भरायला, पैसे पाठवायला, विमानतळावर घ्यायला कायम पुढे असायचा, त्याला सात तास फक्त एवढंच सांगितलं गेलं की तू कामाचा नव्हतास. आज फोनवर आवाज शांत होता त्याचा. "जाऊ दे गं," म्हणाला. मला ते "जाऊ दे"च सहन होत नाहीये.

हो, खोट्या केसेसही येतात, मान्य. जजकडे शेकडो फायली असतात, तेही मान्य. सहा महिन्यांहून जास्त पडून राहिलेल्या मोशन्सची यादी जजच्या नावासकट छापली जाते, दबाव असतोच. म्हणून काय 19 वर्षांची नोकरी तळटीपेत टाकायची?

नॅन्सी गर्टनर बॉस्टनला फेडरल जज होत्या, 2011 मध्ये निवृत्त झाल्या. त्यांनी एक फार खरी गोष्ट मांडलीय. जज केस फेटाळतो तेव्हा सविस्तर कारणं लिहितो, आणि केस ज्युरीकडे जाऊ देतो तेव्हा बहुतेक वेळा एका ओळीत मोशन नामंजूर, संपलं. मग पुढच्या जजला वाचायला काय मिळतं? फक्त हरलेल्यांच्या केसेस. दादाच्या ऑर्डरमध्ये आधार म्हणून दिलेले निकाल मी बघत गेले तर पानामागून पान हरलेली माणसंच. आता त्या ढिगात दादाचंही नाव जाणार आणि उद्या कुणाला तरी हरवायला ते वापरणार.

ग्राहकांचं तर विचारूच नका. सर्जिओ रामिरेझ नावाचा माणूस 2011 मध्ये कॅलिफोर्नियात बायकोबरोबर गाडी घ्यायला गेला, आणि ट्रान्सयुनियन या कंपनीच्या क्रेडिट रिपोर्टवर (कर्ज देण्याआधी बघतात तो अहवाल) त्याचं नाव दहशतवाद्यांच्या यादीशी जुळतंय असं आलं. का, तर नाव आणि आडनाव सारखं, जन्मतारीख बघायची तसदीसुद्धा घेतली नाही. गाडी बायकोच्या नावावर घ्यावी लागली, मेक्सिकोची ट्रिप रद्द केली. ज्युरीने त्याच्यासकट 8,185 जणांना भरपाई दिली. 2021 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, ज्यांचा रिपोर्ट बाहेर गेला त्या 1,853 जणांचंच नुकसान झालं, बाकी 6,332 जणांना फेडरल कोर्टात उभं राहण्याचा हक्कच नाही. फाईलमध्ये दहशतवादी म्हणून नोंद, आणि म्हणे नुकसान नाही! त्याआधी 2011 मध्येच फोन कंपनीच्या केसमध्ये ठरलेलं, करारात क्लास अ‍ॅक्शन (सगळ्यांची मिळून एक केस) नको म्हणून आर्बिट्रेशनचं, म्हणजे कोर्टाऐवजी खासगी लवादाचं, कलम असेल तर कोर्टात एकत्र यायचं नाही. प्रश्न होता 30 डॉलर 22 सेंटचा. तेवढ्यासाठी एकटा माणूस कशाला लढेल? 2018 मध्ये तेच नोकरदारांनाही लागू झालं. दादा जुना, त्याच्या कागदात ते कलम नव्हतं. आपल्यापैकी जे आत्ता ऑफर लेटरवर सही करतायत त्यांनी बघा, बऱ्याच जणांच्या असेल.

आणि आता एक बोलतेच. आपल्यातले जे सिटिझन झालेत, त्यांना ज्युरी ड्युटीचं पत्र आलं की पहिला प्रश्न असतो, यातून सुटायचं कसं. ग्रुपवर सल्ले चालतात, इंग्रजी कच्चं आहे सांग, मुलं लहान आहेत सांग. ज्या ज्युरीपुढे आपलं म्हणणं मांडायला दादाला मिळालं नाही, तिच्या खुर्चीवर बसायला आपण नको म्हणतो. राग येऊ द्या, पण मला खरंच वाईट वाटतं याचं.

दादा अपील करणार की नाही अजून ठरलेलं नाही. तीस दिवस आहेत. वहिनी हो म्हणतेय, तो गप्प आहे, पैसेही बरेच गेलेत. तुमच्यात किंवा ओळखीत कुणी समरी जजमेंटवर अपील करून केस परत आणली असेल, तर प्लीज मला इनबॉक्स करा, मी दादाचा नंबर देते. आणि फोन केलात तर संध्याकाळी सातनंतर करा, दिवसभर तो आता एका छोट्या ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर काम करतो.