सायकलीने रेल्वे खाल्लेली नाही

आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मजकूर तिसऱ्यांदा आला. मूर्तिजापूर, परतवाडा, दारव्हा या बाजूची आम्ही मंडळी, आता सगळे पन्नाशी ओलांडलेले. शकुंतला म्हणजे आमच्या भागातली जुनी नॅरोगेज, अरुंद रुळांची रेल्वे. ती आमच्याकडे गाडीचा नाही, घरातल्या माणसाचा विषय. त्यामुळे मजकूर पुढे ढकलण्यात कुणीच मागे राहिलं नाही.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. युरोप-अमेरिकेत सायकलवाल्यांच्या हट्टापायी चालत्या रेल्वे मोडल्या. एकदा रूळ उखडून सायकलची वाट केली की तिथे गाडी पुन्हा कधीच येत नाही. शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात गेल्या. वाटा तुकड्यातुकड्यांच्या, आणि त्यावर फिरतात फक्त सुटीवर आलेले श्रीमंत. आता हेच खूळ आपल्याकडे येणार, सावध राहा. सोबत एक फोटो, उंच पुलावर जुने रूळ आणि त्यात उगवलेलं गवत.

नोकरीनिमित्त मी चार वर्षं एडिनबरोत होतो. ऑफिसला सायकलने जायचो आणि त्यातला बराचसा रस्ता जुन्या रेल्वेचाच होता. म्हणून उत्तर द्यायला बसलो. सगळा मजकूर खोटा आहे असं मी म्हणणार नाही. दोन ठिकाणी त्यात दम आहे, तिथे तसं सांगेन.

चालत्या रेल्वे मोडल्या, या पहिल्या मुद्द्याला नुसत्या तारखा लावून बघा. ब्रिटनमध्ये रेल्वेवर कुऱ्हाड चालली ती डॉ. रिचर्ड बीचिंग यांच्या 1963 च्या अहवालानंतर. तोटा होतोय, लोक मोटारींकडे आणि माल ट्रककडे गेलाय, म्हणून 2363 स्टेशनं आणि सुमारे 8000 किलोमीटर मार्ग बंद करा, असं त्यात लिहिलेलं होतं. त्या काळात सायकलवाल्याला विचारत होतं कोण? ब्रिस्टल आणि बाथ यांच्यामधल्या जुन्या मिडलँड लाइनवरची प्रवासी गाडी 1966 मध्ये थांबली. तिथे सायकलची वाट हवी म्हणणारी ब्रिस्टलची मंडळी एकत्र आली ती 1977 मध्ये. 1979 पासून स्वयंसेवकांनी घमेली-फावडी घेऊन खडी पसरली आणि 21 किलोमीटरची वाट 1986 मध्ये पुरी झाली. आयर्लंडच्या मेयो परगण्यात वेस्टपोर्टहून अकिलला जाणारी लाइन 1937 मध्ये बंद पडली, तिच्यावरची 42 किलोमीटरची वाट झाली 2010-11 मध्ये. मधे सत्तरहून अधिक वर्षं गेली. न्यूझीलंडमधली ओटागो सेंट्रल 1990 मध्ये बंद झाली, 1993 मध्ये तिथल्या संवर्धन खात्याने पट्टा विकत घेतला आणि 2000 साली 152 किलोमीटरची वाट खुली झाली. स्पेनची तर मौजच आहे. पुएर्तो सेरानो ते ओल्वेरा या 36 किलोमीटरच्या मार्गावर तीस बोगदे खोदून झाले, पूल उभे राहिले, पण गाडी एकदाही धावली नाही. यादवी युद्ध आलं आणि काम बारगळलं. आज तिथे लोक सायकली चालवतात आणि कड्यावरची गिधाडं बघतात. मोडायला तिथे रेल्वे होतीच कुठे?

एक उलट उदाहरण मात्र मीच देतो, कारण मजकूर लिहिणाऱ्याला ते सापडलेलं दिसत नाही. न्यूयॉर्क राज्याच्या अॅडिरोन्डॅक डोंगरात टपर लेक ते लेक प्लॅसिड हा साधारण 55 किलोमीटरचा पट्टा आहे. त्याच्या काही भागावर पर्यटकांची जुनी गाडी चालायची. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी रूळ काढून वाट केली. तिथे खरोखरच वाटेने गाडीला हटवलं. असं घडतं, पण ते अपवादाने.

आता गाडी पुन्हा येत नाही हा मुद्दा. मजकुरातला सगळ्यात जोरदार मुद्दा हाच आणि आमच्या ग्रुपवर सगळ्यांना लागलाही तोच. याच्यासाठी स्कॉटलंडमधल्या दोन लाइनी शेजारी-शेजारी ठेवून बघायला हव्यात.

पहिली एअरड्री ते बाथगेट. प्रवासी गाडी 1956 मध्ये गेली, मालगाडी 1982 मध्ये. रूळ उचलले गेले आणि त्या पट्ट्यावर सायकलची वाट झाली. पुढे ग्लासगो आणि एडिनबरो यांना जोडणारा आणखी एक मार्ग हवा झाला, तेव्हा स्कॉटिश संसदेने 2007 मध्ये कायदा केला. डिसेंबर 2010 मध्ये त्याच पट्ट्यावरून दुहेरी, विजेवरची रेल्वे धावू लागली. सायकलची वाट रुळांच्या बाजूने नव्याने करून दिली. मी त्या वाटेने गेलोय. हिलएंडच्या तळ्याकाठी सायकल चालवताना कुंपणापलीकडून लोकल धडधडत जाते. ज्या वाटेमुळे गाडी कायमची गेली म्हणतात, त्याच वाटेशेजारून ती जाते.

दुसरी वेव्हर्ली लाइन, एडिनबरोहून दक्षिणेला हॉइकवरून कार्लाइलला जाणारी. ती जानेवारी 1969 मध्ये बंद झाली. तिचा अखंड पट्टा जपायची तसदी कुणी घेतली नाही. जमीन ठिकठिकाणी विकली गेली, वर बांधकामं झाली, शहराच्या बाह्यवळण रस्त्याने ती मधेच कापली. सप्टेंबर 2015 मध्ये ती परत सुरू झाली खरी, पण ट्वीडबँकपर्यंतच, म्हणजे साधारण 50 किलोमीटर. खर्च 29 कोटी पौंडांच्या घरात गेला. बाह्यवळण रस्त्याखालून नव्याने वाट काढावी लागली. हॉइक आणि कार्लाइलची माणसं अजून थांबलेली आहेत.

रेल्वेचा मार्ग म्हणजे नुसते रूळ नव्हेत. रूळ काय, दोन वर्षांत टाकता येतात. भराव, कटिंग, मोऱ्या, पूल, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शेकडो खातेदारांच्या मधून गेलेली ती एक सलग जमीन, ती एकदा फुटली की पुन्हा जुळवताना सरकारच्या नाकी नऊ येतात. इथे कुणाचं गोदाम, तिथे कुणाचा गोठा, पुढे नगरपालिकेचं व्यापारी संकुल. गाडी परत येण्याची शक्यता मारतात ते हे तुकडे. त्यावरून रोज माणसं ये-जा करत असतील तर पट्टा निदान मोकळा तरी राहतो. अमेरिकेने 1983 मध्ये याच हिशोबाने कायद्यात तरतूद केली. बंद होणारा मार्ग मोडीत न काढता वाट म्हणून वापरायचा आणि पुढे गरज पडली तर रेल्वेला परत द्यायचा. मार्ग जणू बँकेत ठेवायचा, म्हणून त्या व्यवस्थेला तिकडे रेल-बँकिंगच म्हणतात.

पण या मुद्द्यात एक खरी बोच आहे आणि ती कायद्याची नाही, लळ्याची आहे. एडिनबरोत मी ज्या रोझबर्न वाटेने जायचो, ती ट्रामसाठी कागदोपत्री कधीपासून राखून ठेवलेली आहे. आता ट्राम तिथून न्यायची म्हटल्यावर वाट वापरणारेच विरोधात उभे राहतात. झाडी वाढलीय, कोल्हे-बॅजर राहायला आलेत, मुलं शाळेत जातात. ब्रिस्टलमध्ये 2008 साली वाटेच्या एका भागावरून जलद बस न्यायचा बेत निघाला, तेव्हा लोकांनी इतका गदारोळ केला की तो गुंडाळावा लागला. तेव्हा गाडी परत आणायची असेल तर वाटेच्या फलकावर पहिल्याच दिवशी तसं ठळक लिहायला हवं, हे मान्य.

शेतकऱ्यांच्या जमिनींचा मुद्दा अमेरिकेपुरता बराच खरा आहे, इतर ठिकाणी नाही. गोम आहे ती रेल्वेने मुळात जमीन कशी मिळवली त्यात. कुठे ती खरेदी केलेली होती, कुठे फक्त जाण्यायेण्याचा हक्क मिळाला होता. ज्याने बांधावरून गाडीवाटेचं भांडण बघितलंय त्याला मालकी आणि वहिवाट यांतला फरक समजावून सांगायला नको. नुसती वहिवाट असेल तर गाडी थांबल्यावर जमीन मूळ मालकाची, असा तिकडच्या शेतकऱ्यांचा दावा. 1990 मध्ये व्हरमाँटमधल्या एका कुटुंबाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1983 ची तरतूद वैध ठरवली, पण जमीनमालकाला भरपाई मागता येईल असंही सांगितलं. 2014 मध्ये वायोमिंगच्या एका खटल्यात 8 विरुद्ध 1 असा निकाल सरळ जमीनमालकाच्या बाजूने लागला. म्हणजे शेतकरी लढले आणि जिंकलेही. मजकुरात त्यांना बिचारं करून टाकलंय, ते तसे नव्हते.

मेयोमध्ये उलटं झालं. लाइन जाऊन इतका काळ लोटला होता की पट्टा शेतांत मिसळून गेला होता. तिथल्या परगणा परिषदेने संपादनाची नोटीस काढली नाही. शंभराहून अधिक शेतकऱ्यांकडे जाऊन परवानगी मागितली. जमीन तुमचीच, आम्हाला फक्त जाऊ द्या. त्यांनी जाऊ दिलं.

तुकड्यातुकड्यांच्या वाटा, या टीकेपुढे मी मान तुकवतो. ब्रिटनचं राष्ट्रीय सायकल जाळं सांभाळणाऱ्या संस्थेने 2018 मध्ये स्वतःच तपासणी केली. जवळपास निम्मं जाळं खराब किंवा फारच खराब निघालं. जुन्या रेल्वेची छान वाट चार किलोमीटर चालते, मग पूल पाडलेला असतो, आणि माणूस ट्रकच्या चाकाशेजारी येऊन पडतो. दोन वर्षांनी संस्थेने जवळजवळ पाव जाळं, सुमारे 6000 किलोमीटर, काही काढून टाकलं, तर बरंचसं खालच्या दर्जात टाकलं. एवढा प्रामाणिकपणा मी दुसऱ्या कुठल्या रस्तेवाल्यात पाहिलेला नाही. मात्र यावरून वाटा नकोत असं निघत नाही, त्या जोडायला हव्यात असं निघतं. जिथे जोडल्या तिथे काय होतं ते पिट्सबर्गहून निघून बघावं. तिथून कंबरलंडपर्यंत 240 किलोमीटर जुन्या रेल्वेची वाट, ती 2013 मध्ये पुरी झाली. पुढे जुन्या कालव्याच्या काठाने थेट वॉशिंग्टन डीसी. एकूण साधारण 540 किलोमीटर, सलग.

श्रीमंतांचं खूळ म्हणणाऱ्यांनी चढाचा हिशोब केलेला नाही. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसे, म्हणून इंजिनियरांनी डोंगर फोडले, दऱ्या भरल्या. ओटागोच्या वाटेवर जास्तीत जास्त चढ पन्नास मीटरला एक मीटर. त्यामुळे त्या डोंगराळ मुलखात गुडघे दुखणारी आजी आणि दुसरीतलं पोर दोघंही साध्या सायकलीवर जाऊ शकतात. भारी सायकल आणि पिळदार पोटऱ्या लागतात त्या घाटरस्त्याला. ब्रिस्टलची वाट तर ईस्टन, फिशपाँड्स अशा साध्या वस्त्यांच्या मधून जाते आणि सकाळी तिच्यावर कामावर जाणाऱ्यांची रीघ असते. ओटागोला पर्यटक येतात हे खरंच. आल्यावर ते गावातच राहतात, गावातच जेवतात. त्यात तक्रार कसली?

राहिलं आपल्याकडचं. आपल्याकडे रुळांवरून कोण चालणार, असंही एकाने ग्रुपवर विचारलं. बाबा रे, पावसाळ्यात दूधसागरला बघ. चालत्या लाइनीवरून पोरं चालतात. 2023 मध्ये बंदी मोडून गेलेल्यांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. चालायची हौस आहे, चालायला सुरक्षित जागा नाही.

शकुंतलेची वाट करा असं मी म्हणत नाहीये, हे ठळक अक्षरांत वाचा. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर साधारण 76. कापसासाठी घातलेली ही नॅरोगेज. मँचेस्टरमध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनाने तिला 1994 पर्यंत ओढून नेलं. तिची ब्रॉडगेज व्हावी ही मागणी रास्त आहे. बार्शी लाइटचं तसंच झालं, मिरज ते लातूर नॅरोगेजची ब्रॉडगेज झाली. पण तिथेही एक गोष्ट बघण्यासारखी आहे. जुनी लाइन उस्मानाबाद (आताचं धाराशिव) शहराला बगल देऊन जायची, नवी शहराकडे वळवली. अशी वळणं घेतली की जुन्या मार्गाचे भराव आणि मोऱ्या मागे उरतात. खंडाळ्याच्या घाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे चढावर गाडीची दिशा उलटी करायची जागा, 1929 मध्ये असंच मागे पडलं. अशा उरलेल्या पट्ट्यांचं काय करायचं, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. आणि शकुंतलेच्या बाबतीत ब्रॉडगेज येईपर्यंत तो पट्टा फुटू न देण्याचा. त्यासाठी भांडायचं असेल तर आमच्या ग्रुपमधल्या पंचवीस जणांनी आधी जमीन कुणाच्या नावावर आहे ते तपासावं. सायकलवाल्यांना शिव्या घालून गुंठाभरही जमीन वाचणार नाही.

जाता जाता फोटोबद्दल. युरोपातली उद्ध्वस्त रेल्वे म्हणून जो उंच पूल फिरतोय, तो न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधला आहे, हाय लाइन. मालगाडीचा मार्ग, शेवटची गाडी 1980 मध्ये गेली, आणि 2009 पासून तिथे सार्वजनिक बाग आहे. लोक चालतात, बाकांवर बसतात. सायकल चालवायला तिथे बंदी आहे.