दंड त्यांचा, सर्टिफिकेट आपलं

मालक, पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही, पण नोटीस आत्ताच टाइप करून ठेवा. गेल्या वेळी, कोरोनात, आमची फार घाई झाली. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत मी टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या खात्यात, होतो. २०२१ च्या पावसाळ्यात ती नोटीस मीच टाइप केली: ‘सर्व कामगारांनी पंधरा दिवसांच्या आत लसीचे दोन्ही डोस घेऊन प्रमाणपत्राची झेरॉक्स जमा करावी. अन्यथा गेटच्या आत घेतले जाणार नाही. हुकूमावरून.’ ‘हुकूमावरून’ ठळक केलं, खाली दोन रेघा मारल्या. कुणाच्या हुकूमावरून ते लिहायचं नसतं, हे तुम्हाला माहीत असेलच.

आता कोव्हिशिल्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर ठरवून दिलं होतं आणि त्याआधी दुसरा डोस टोचायला लसनोंदणीचं सरकारी पोर्टल कोविन तयारच नव्हतं. हे आम्हाला कळलं नोटीस लागल्यावर तिसऱ्या दिवशी. मोल्डिंगच्या एका पोरानं गेटवर विचारलं, “मामा, चौऱ्याऐंशी दिवस पंधरा दिवसांत बसवायचं कसं?” सिक्युरिटीच्या मामांनी त्याला माझ्याकडं पाठवलं, मी मॅनेजरसाहेबांकडं नेलं. साहेबांनी नोटीस एकदा वाचली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, “राहू दे वरच. काढली तर चुकलो असं वाटतंय.” हे लिहून घ्या. चुकीची नोटीस बोर्डावर खपते, उतरवलेली नोटीस मात्र चहाच्या टपरीवर महिनाभर चघळतात.

लस मिळते कुठं, हा प्रश्न कारखान्याच्या कंपाउंडबाहेरचा आहे, त्यात पडू नका. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस, असं दिल्लीनं जाहीर केलं. बारा दिवसांत आपल्या राज्याला १८ ते ४४ चा गट थांबवावा लागला, कारण बाटल्याच नव्हत्या. भट्टीपुढं उभा राहणारा गडी बहुतेक त्याच वयाचा असतो, हा त्याचा दोष. जूनच्या २१ तारखेपासून सरकारी केंद्रावर सगळ्यांना फुकट झाली, तर तिथं पहाटे चारपासून रांग. रांगेत माणसं थोडी आणि चपला जास्त. कुणी वीट ठेवून जायचा, कुणी पाण्याची बाटली. एकानं तर फाउंडेशन बोल्ट आणून ठेवला होता. उचलून बाजूला टाकायला दोघं लागले असते, म्हणून त्याचा नंबर कुणी मारला नाही. असली अक्कल कामावर वापरतील तर शपथ.

रांग नको असेल तर खासगी दवाखाना होताच. कोव्हिशिल्ड ७८० रुपये, कोव्हॅक्सिन १४१०. ठेकेदाराकडच्या पोराची दोन दिवसांची हजेरी जवळपास कोव्हिशिल्डच्या एका डोसातच संपायची. कुणी म्हणेल, मग कारखान्यानंच पैसे भरून शेडमध्ये कॅम्प का लावू नये? काही ठिकाणी लावलेही म्हणे. पण एकदा ती सवय लागली, की उद्या बूट मागतील, परवा मास्क.

मध्येच जुलैत पंचगंगा आली. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, वडणग्याकडची पोरं चार-चार दिवस अडकली. गावं वेढली, म्हसरं हलवली, पण आमच्या नोटिशीची मुदत काही पुरात गेली नाही. बोर्ड पहिल्या मजल्यावर होता.

मुख्य मुद्दा तापाचा. इथं जरा सावकाश वाचा, कारण सगळा खेळ इथंच आहे. लस घेतली की पुष्कळांना एक-दोन दिवस ताप येतो, अंग ठेचल्यासारखं होतं. आमच्या मालकांनी स्वतः डोस घेतला तेव्हा दोन दिवस घरून फोन होते. “अंग मोडून आलंय, डोळं उघडंना झाल्यात.” वहिनीसाहेबांनी दोन्ही वेळचा पांढरा रस्सा केला होता, असं ड्रायव्हर सांगत होता. तिसऱ्या दिवशी मालक आले, सगळ्यांना बरं वाटलं. त्याच आठवड्यात फेटलिंगचा एक गडी डोस घेऊन दुसऱ्या दिवशी आला नाही. मस्टरवर त्याची काय नोंद करायची, असं मी साहेबांना विचारलं. गैरहजर. अहो, ताप आहे त्याला, लसीचा. मग गैरहजरच की, हजर हाय का त्यो?

म्हणजे बघा, लस घे म्हणून सांगितलं आपण, मुदत घातली आपण, आणि त्यापायी बुडालेला रोज त्याचा. हा हिशेब कुठल्याही फौंड्रीच्या ताळेबंदात शोभून दिसेल.

कुणी ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, नाव काढलं तर घाबरू नका. आजारपणाच्या रजेत सरासरी मजुरीच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, हे खरं आहे. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस धरत नाहीत. पंधरा दिवसांत परत आजारी पडला तरच त्यातून सूट. लसीचा ताप टिकतो किती? एक दिवस, फार तर दोन. ज्यानं कुणी हा नियम केला त्याला कोरोना माहीत नव्हता, तरी नेम बघा! कामगाराला काही मिळवायचंच असेल तर त्यानं तिसऱ्या दिवशीपर्यंत फणफणत राहावं. आपण अडवलंय का?

अमेरिकेचं उदाहरण देणारा एखादा शिकलेला भाचा प्रत्येक घरात असतो. तुमचाही असेल. त्याचं निम्मंच ऐका. तिकडं १०० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांसाठी ‘लस घ्या, नाहीतर मास्क लावून दर आठवड्याला तपासणी करा’ असा नियम काढला होता. एवढं ऐकून टाळी द्या. पुढं त्याच नियमात टोचून घ्यायला जाण्यासाठी चार तासांपर्यंतचा पगार, आणि ताप आला तर बरं होण्यापुरती पगारी रजा द्यावी असं लिहिलं होतं. तो भाग सुरू झाला की चहा मागवा. तसाही १३ जानेवारी २०२२ ला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं तो नियम अडवला. बिचाऱ्या तिथल्या मालकांचा जीव भांड्यात पडला असणार.

आपल्याकडंही कोर्टाचं झालंच. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येत नाही, शरीर ज्याचं त्याचं आहे. त्याच निकालात असंही आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकारला वाजवी आणि प्रमाणात बसणारे निर्बंध घालता येतात. पण लस न घेतलेल्यांवर तेव्हा घातलेले निर्बंध मात्र कोर्टाला प्रमाणात बसणारे वाटले नाहीत. युनियनचा माणूस पहिलं वाक्य पाठ करून येतो, आपण दुसरं पाठ करायचं. तिसरं दोघांनीही वाचायचं नाही, म्हणजे चर्चा छान रंगते. राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात तर कोरोनाचा नियम मोडणाऱ्या माणसाला ५०० रुपये, आणि ज्याच्या जागेत तो मोडला जाईल त्या आस्थापनेला १०,००० रुपये दंड होता. तो आकडा वाचल्यावर आमच्या साहेबांना कामगारांच्या आरोग्याची खरी काळजी वाटू लागली. मराठीत दंड या शब्दाला दोन अर्थ आहेत, ते फार सोयीचं पडलं. टोचायचा तो त्यांचा, वाचवायचा तो आपला.

राहिला प्रश्न लसच नको म्हणणाऱ्यांचा. अशी पोरं होती. व्हॉट्सॲपवर काय-काय फिरत होतं. दोन वर्षांत माणूस मरतो, मूलबाळ होत नाही, सुईतनं चिप घालतात. यांना समजावत बसू नका, नोटिशीकडं बोट दाखवा. आमच्याकडं ही शिस्त एका म्हाताऱ्या मोल्डरनं मोडली. रिटायर व्हायला वर्ष राहिलेलं. चहाच्या सुट्टीत त्यानं सदऱ्याची बाही वर सारली आणि दंडावरची देवीच्या लसीची खूण दाखवली, रुपयाएवढी, कातडी सुरकुतलेली. म्हणाला, “देवीचा डॉक्टर आला की आमी उसात पळायचो. बानं मानगूट धरून आणलं. माझा थोरला भाऊ घावला न्हाई. त्यो गेला. आता देवी कुठं बघितलायसा का रं कुणी?” पोरं गप्प. देश देवीमुक्त झाल्याचं १९७७ मध्ये जाहीर झालं, तेव्हा या पोरांचे आईबाप शाळेत होते. एकानं त्या खुणेला बोट लावून बघितलं. पुढच्या दोन दिवसांत ‘नको’वाल्यांतले अकरा जण आपणहून विचारायला आले, साहेब केंद्र कुठं हाय.

चहाची सुट्टी त्या दिवशी दहाची वीस मिनिटं झाली, याची नोंद साहेबांनी घेतली. अशी माणसं वेळीच आवरा. माणसाला पटलं की तो नोटिशीशिवाय जातो, मग टाइम ऑफिसनं करायचं काय?

आणि कागद मिळाला की लस विसरून जा, ही शेवटची सूचना. आमच्या एका कोअरशॉपवाल्याला केंद्रावर न जाताच मोबाइलवर मेसेज आला, आपला डोस यशस्वीरीत्या पूर्ण झाला. पंतप्रधानांच्या फोटोसकट सर्टिफिकेटही निघालं. पठ्ठ्या हात जोडून सांगत होता, “साहेब, मी घेतलाच न्हाई. केंद्रावर गेलो तर म्हणत्यात तुझा झालाय.” साहेबांनी झेरॉक्स उजेडात धरली, क्यूआर कोड बघितला, नाव जुळवलं. “हे बघ, सर्टिफिकेट म्हणतंय घेतलास. आता तू खरा का सर्टिफिकेट?” झेरॉक्स मी फायलीला लावली. आमच्या यादीत तो संपूर्ण सुरक्षित होता, आणि घरी आईला शिवायला घाबरत होता.

कामगार मात्र निवडून घ्या, आमच्या त्या मोल्डिंगच्या पोरासारखा. चौऱ्याऐंशी दिवसांचा प्रश्न विचारणारा तोच. आठवड्याभरानं टाइम ऑफिसच्या खिडकीत आला. हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान, त्यावर गोल केलेले. “साहेब, चौऱ्याऐंशी म्हंजे बरोबर बारा आठवडं की. पयला डोस सुट्टीच्या आदल्या दिवशी घेतला, तर दुसरा बी त्याच वाराला पडतोय. ताप सुट्टीत काढतो. तुमचा एक दिवस बी बुडत न्हाई.”

साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी मालकांना सांगितलं, मालकांनी दुसऱ्या एका मालकाला. पोरानं ठरल्याप्रमाणं सुट्टीच्या आदल्या दिवशी, ड्यूटी करून, डोस घेतला. रात्री नऊला मला साहेबांचा फोन आला. पुण्याचं डिस्पॅच अडकलंय, उद्याची सुट्टी रद्द, सगळ्यांना कळव.

नोटीस मीच टाइप केली. हुकूमावरून, खाली दोन रेघा.