गोव्याचा दाखला कसा द्यावा

समान नागरी कायद्यावर व्याख्यान द्यायचं आमंत्रण आलंय? मग गोव्याचा दाखला हवाच. 'गोव्यात बघा, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांना एकच कायदा!' एवढं म्हटलंत की टाळ्या आल्याच. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत गोव्याचं कौतुक केलंय, तेही जोडून द्या. पथ्य एकच: तो कायदा चुकूनही वाचायचा नाही.

कायदा आला कुठून, याच्या खोलात शिरू नका. 1867ची पोर्तुगीज दिवाणी संहिता, इथे लागू झाली 1870 साली. पोर्तुगालने ती 1967 साली मोडीत काढली आणि नवी आणली. आपण जुनीच जपून ठेवली. पोर्तुगीजांच्या खुणा पुसून टाका, असं सकाळी ठणकावून सांगायचं आणि संध्याकाळी त्यांचाच कायदा देशाचा आदर्श म्हणून मिरवायचा, हे जमायला हवं. दोन्ही सभांना श्रोते वेगळे असले म्हणजे झालं.

'एकच' या शब्दावर आवाज चढवा, म्हणजे 1880चा हुकूमनामा कोणाला आठवणार नाही. त्यात गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीती सांभाळून घेतल्यात. बायकोला 25 वर्षांपर्यंत मूलच झालं नाही, किंवा 30 वर्षांपर्यंत मुलगा झाला नाही, तर तिच्या संमतीने नवऱ्याला दुसरी करता येते. मुली किती झाल्या, ते कोणी विचारत नाही. (1937चा शरीयत कायदा इथे लागू नाही. म्हणजे चार बायकांच्या नावाने आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो, त्यांना गोव्यात ती सोय नाही. जी काही सोय आहे, ती आपल्याला.) कोणी उठून विचारलंच, तर 'आता कोण वापरतो ते कलम' म्हणा. 'मग काढून का टाकत नाही?' हा पुढचा प्रश्न येण्याआधी पाणी प्या.

1946च्या हुकूमनाम्याने कॅथलिकांना चर्चमधल्या लग्नाची वेगळी वाट दिली, हेही गाळा.

लग्नाचा विषय आला की नोंदणीचं गुणगान करा, ते खरंच करण्यासारखं आहे. फक्त सह्यांचं बोलू नका. इथे निबंधकाकडे दोनदा जावं लागतं. पहिली सही लग्नाच्या इराद्याची. मग हरकती मागवतात, आणि ती मुदत संपली की दुसरी सही. ती झाली तरच कायद्याने लग्न. पण पहिली सही झाली की घरचे भटजींना बोलावतात, मंगलाष्टकं होतात, जेवणावळी उठतात, आणि दुसरी सही राहून जाते. अशा बाईला नवऱ्याने टाकली की कायदा विचारतो, लग्न कुठे झालंय? सप्तपदी सगळ्या वाड्याने, म्हणजे वस्तीने, पाहिलेली असते, पण वाड्याची साक्ष त्या वहीत चालत नाही. धर्म म्हणतो झालं, कायदा म्हणतो नाही, आणि नवरा ज्याचं सोयीचं त्याचं ऐकतो.

मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा, मुलीला मुलाइतकाच हक्क. इथे मात्र मनापासून बोला, हे खरोखर चांगलं आहे. भाऊ नोटरीकडे नेऊन बहिणीची हक्कसोडावर सही घेतो, तेवढं सोडून.

धर्म आणि शासन वेगळे असावेत, हा मुद्दा देवळांनी भरलेल्या फोंडा तालुक्यात काढू नका. 1933च्या देवस्थान कायद्याने इथला मामलेदार, म्हणजे तहसीलदार, देवस्थानांचा प्रशासक आहे. समितीची निवडणूक, अंदाजपत्रक, महाजनांची (देवळावर वंशपरंपरेने हक्क असलेल्या घराण्यांची) भांडणं, सगळं त्याच्या टेबलावर. सकाळी जमिनीचं म्युटेशन, दुपारी पालखीचा मान. उत्सवात दोन गट भिडले, तर देव गाभाऱ्यात आणि पोलीस मंडपात. दोन्ही गटांना सरकारचा धर्मात हस्तक्षेप मान्य नसतो, आणि दोन्ही गटांचा अर्ज मामलेदाराकडे गेलेला असतो.

व्याख्यान संपलं की प्रश्नोत्तरं टाळा. एखादी बाई हात वर करून दुसऱ्या सहीचं विचारेल. माईक सूत्रसंचालकाकडे द्या. पुढे सत्काराचा कार्यक्रम असतो, आणि नारळ-शाल घ्यायला कुठलीच सही लागत नाही.